गुडघ्यातील मळसूत्र

३० डिसेंबर २०२२ च्या पहाटे रुडकीजवळ एक मोटार महामार्गाच्या दुभाजकावर आदळली. तिच्यातून जिवंत बाहेर पडलेला क्रिकेटपटू ऋषभ पंत याच्या उजव्या गुडघ्याचे अस्थिबंध तुटले होते. ६ जानेवारी २०२३ रोजी मुंबईत त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरचे कित्येक महिने बंगळूरच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत व्यायामात आणि प्रतीक्षेत गेले. २३ मार्च २०२४ रोजी तो पुन्हा सामन्यास उतरला. अपघातापासून पुनरागमनापर्यंत जवळजवळ पंधरा महिने लोटले. शस्त्रक्रिया तर काही तासांची. मग उरलेला काळ कशासाठी लागतो? या प्रश्नाचे उत्तर गुडघ्याच्या रचनेत आहे.

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना सांधणारे दोन बंध गुडघ्याच्या आत एकमेकांना छेदून जातात. त्यांपैकी पुढचा बंध नडगीला पुढे सरकू देत नाही. धावता धावता एकाएकी वळताना किंवा उडीनंतर वेडावाकडा पाय पडताना खेळाडूंचा बहुधा हाच बंध तुटतो. तो नुसता शिवून भागत नाही. सांध्यातील द्रवात रक्ताची गुठळी टिकत नाही, आणि तिच्यावाचून जखम सांधणारा पूल उभा राहत नाही. इंग्लंडमधील लीड्स येथे मेयो रॉबसन या शल्यविशारदाने १८९५ मध्ये एका खाणकामगाराचे असे तुटलेले बंध शिवले होते. पुढे १९१७ मध्ये हे ग्रोव्हज याने दुसऱ्या ऊतीचा पट्टा घेऊन नवा बंध घडविण्याचा मार्ग दाखविला.

आजची पद्धत त्याच मार्गावरची आहे. मांडीच्या मागच्या स्नायूंच्या कंडरा, किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेची पट्टी काढून घेतात. दोन्ही हाडांत बोगदे कोरतात आणि त्यांतून ती ओवतात. आता ती घट्ट धरून ठेवायची कशी? कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला, म्हणजे सुतार त्यात पाचर ठोकतो. येथेही तेच केले जाते. मात्र ही पाचर मळसूत्राची असते. बोगद्याची भिंत आणि कंडरा यांच्या फटीत ती पिळून बसवितात. तिला डोके नसते आणि तिचे आटे बोथट असतात. धारदार आट्यांनी कंडराच कापली जाईल.

१९८३ मध्ये लँबर्ट याने हाडांसाठी वापरला जाणारा साधा स्क्रू या कामी योजला. १९८७ मध्ये कुरोसाका या जपानी शल्यविशारदाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बंध धरून ठेवण्याच्या निरनिराळ्या रीती ताणून पाहिल्या. नऊ मिलिमीटर जाडीचे, खास या कामासाठी घडविलेले मळसूत्र त्यांत सरस ठरले. शस्त्रक्रियेनंतर लगेचच्या काळात साखळीतील सर्वांत दुबळी कडी म्हणजे कंडरा नव्हे, तर ती जेथे बांधली आहे ती जागा, हेही या कसोटीतून स्पष्ट झाले.

हे मळसूत्र टायटॅनियमचे असते, किंवा शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या पदार्थाचे. धातूचे मजबूत असते, पण पुढे चुंबकीय चित्रणात त्याच्या भोवतीचे चित्र बिघडते. विरघळणारे बसविताना क्वचित मोडते, आणि ते पूर्ण नाहीसे व्हायला पुष्कळदा वर्षे लागतात. कोणते निवडावे, हे हाडाची प्रत, कंडरेची जाडी आणि रोग्याची ऐपत पाहून ठरते.

परंतु कोणतेही मळसूत्र शेवटपर्यंत भार वाहण्यासाठी नसते. कंडरेला हाडाचा तुकडा जोडलेला असेल, तर तो सुमारे सहा आठवड्यांत हाडाशी एकजीव होऊ लागतो. नुसत्या कंडरेला दोन-तीन महिने किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. दरम्यान, उपटून लावलेल्या रोपाप्रमाणे ती कंडरा प्रथम कोमेजते. तिच्यातील पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, आणि या घडामोडीत काही आठवडे ती पूर्वीपेक्षा दुर्बल होते. नेमक्या याच वेळी सूज ओसरलेली असते, वेदना थांबलेली असते, आणि रोग्याला आपण बरे झालो असे वाटू लागते. खरा धोका तेथेच असतो. म्हणून नऊ महिन्यांच्या आत मैदानात परतू नये, असे आज तज्ज्ञ सांगतात.

बंगळूरच्या अकादमीत खेळाडूला या मोहापासून आवरणारी माणसे असतात. सांगली-कोल्हापूरकडच्या तालमीतील पोराला किंवा गावच्या कबड्डीपटूला तशी सोबत क्वचितच लाभते. शस्त्रक्रियेचा खर्च घर कसेबसे उभे करते. व्यायामाचे महिने मात्र अर्ध्यावर सुटतात, कारण शेत थांबत नाही आणि जत्रेची कुस्तीही थांबत नाही. मळसूत्र दोघांच्याही गुडघ्यात सारख्याच निष्ठेने आपले काम करते. ते वेळ मिळवून देते. तो वेळ त्या पोराला पाळता येईल अशी सोय करणे हे त्याच्या घराचे, तालमीचे आणि समाजाचे काम आहे.