रेषेची दृष्टी

डोळा पाहतो आणि हात ते कागदावर उतरवितो, अशी रेखाटनाविषयी सर्वसाधारण समजूत असते. परंतु पुष्कळदा हात रेखाटू लागला म्हणजेच डोळ्याला नीट दिसू लागते. इ. स. १६०९ मधील चंद्रदर्शनाची कथा या दृष्टीने मननीय आहे.

त्या वर्षीच्या जुलै महिन्यात इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियट याने दुर्बिणीतून चंद्र पाहिला व रेखाटला. प्रकाश आणि अंधार यांच्या सीमेवरची रेषा त्याला वेडीवाकडी दिसली, तशीच त्याने ती काढली. ती तशी का, याचा उलगडा त्या रेखाटनात नाही. वर्षअखेरीस इटलीत गॅलिलिओनेही चंद्र चितारला. त्याची दुर्बीण अधिक समर्थ होती, हे खरे. पण छायाप्रकाशाने उंचसखलपणा दाखविण्याची फ्लॉरेन्सची चित्रविद्याही त्याच्यापाशी होती. तपकिरी रंगाचे फिकट-गडद थर देणाऱ्या त्या हाताला सावलीचा अर्थ ठाऊक होता. अंधाऱ्या भागातील प्रकाशबिंदू म्हणजे पर्वतशिखरे, हे त्याने ओळखले. सूर्योदयी आधी माथे उजळतात, दऱ्या मागाहून! सीमारेषेपासूनच्या त्यांच्या अंतरावरून त्याने उंचीही काढली. चंद्र म्हणजे निर्दोष, गुळगुळीत गोल, हा पुरातन सिद्धान्त डळमळला.

गॅलिलिओचा ग्रंथ १६१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या हॅरियटच्या रेखाटनांत मात्र विवरे स्पष्ट उमटली आहेत!

रेघ ओढणाऱ्याला प्रत्येक क्षणी निर्णय घ्यावा लागतो: येथे कड आहे की छाया, उंचवटा आहे की खळगा? हे प्रश्न विचारणे म्हणजेच विचार करणे. शाळेतील चित्रकलेच्या तासाला करमणुकीचा तास मानणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे.