पाटल्या, मूस आणि मग



हा मग बघा. मागच्या रांगेला दिसणार नाही, म्हणून सांगतो. पांढरा मग आहे, मधोमध समोरासमोर बसलेले दोन पोपट आणि खाली नवरा-नवरीची नावं, तमिळमध्ये. ज्यांना तमिळ वाचता येतं ते आता हसायला लागतील, कारण नावं उलटी आहेत. आरशात धरली तर सरळ दिसतील. असे चौसष्ट मग माझ्या घरी आहेत. आमच्याकडे पाहुणा आला की चहा याच मगात.

आम्ही मूळचे विट्याजवळचे. खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर गेली, हे तुम्हाला माहीत असेल. जुनं सोनं वितळवायचं, तेजाबात शुद्ध करायचं, टंच सांगायचा. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, पोरवयात चेन्नईला आले आणि सौकारपेठेत स्थिरावले. गंमत म्हणजे तिथे रिक्षावाल्यालाही अण्णा म्हणतात आणि इडलीवाल्यालाही. लहानपणी मला वाटायचं, या गावात सगळेच आपले वडील.

२०२० ला टाळेबंदी लागली, भट्टी बंद पडली. आधीच काम कमी होत चाललं होतं. मला तेजाबाच्या धुरात आयुष्य काढायचं नव्हतं, म्हणून मी मग छापायचा धंदा काढला. गावाकडून मामांचा फोन आला, "काय करतोयस?" म्हटलं, "मग." ते म्हणाले, "मग काय?" हा संवाद बराच वेळ चालला.

भांडवल नव्हतं. बायकोने पाटल्या काढून दिल्या. त्या अण्णांनी स्वतःच्या मुशीत वितळवल्या. सुनेच्या पाटल्या सासऱ्याने भट्टीत टाकायच्या, हे सोपं नसतं. टाकणखार टाकताना ते एक शब्द बोलले नाहीत.

आणि त्या पैशांतून मी चुकीचं मशीन आणलं.

एका विक्रेत्याने मला 'पाच-इन-एक' प्रेस दाखवली. टी-शर्ट, टोपी, ताटली, मोठा मग, छोटा मग, सगळं एकाच यंत्रावर. वाटलं, एका पैशात पाच धंदे. घरी आल्यावर कळलं की पाचही कामं होतात, पण एका वेळी एकच. टी-शर्टची पाटी काढा, मगचा भाग जोडा, वायर लावा, तापायची वाट बघा. अर्धा तास त्यातच जायचा. शिवाय मगचा भाग पातळ. दोन महिन्यांत त्याची कॉइल एका बाजूने मेली आणि तिचा सुटा भाग चेन्नईत कुठेच मिळेना. म्हणून तुम्ही मगच छापणार असाल, तर फक्त मगची प्रेस घ्या. आणि पैसे देण्याआधी विक्रेत्याला एकच गोष्ट विचारा, "याची हीटिंग कॉइल आज मिळेल का?" तो कपाटातून काढून दाखवेल तर घ्या. "मागवून देतो" म्हणाला तर चहा पिऊन परत या.

आता छपाई होते कशी, ते थोडक्यात. सब्लिमेशनची शाई कागदावर छापली की फिकट, मळकट दिसते. तो कागद मगभोवती घट्ट गुंडाळून साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला तीनेक मिनिटं दाबला, की शाईतला रंग द्रव न होता थेट वायू होतो आणि मगवरच्या पॉलिमरच्या लेपात शिरतो. रंग बसतो तो त्या लेपात. साध्या चिनीमातीच्या मगवर हे होत नाही. बाजारातला स्वस्त पांढरा मग आणून तुम्ही कितीही तापवा, रंग धुऊन जाईल. लेप हलका असेल तर वर्षभरात खरवडून निघतो. नवा माल आणला की मी एक मग छापतो, रात्रभर पाण्यात ठेवतो आणि सकाळी भांड्यांच्या हिरव्या घासणीने घासतो. बायको म्हणते, घरातली भांडी कधी अशी घासली नाहीत.

प्रिंटरच्या बाबतीत माझ्यासारखी घाई करू नका. घरी एक जुना इंकजेट होता, म्हटलं त्यातच शाई भरू. जमलं नाही. त्याच्या हेडमध्ये शाई तापवून, बुडबुडा करून ती कागदावर फेकतात, आणि आपली शाई तर तापल्यावरच रंग सोडणारी. या कामाला पायझो हेड लागतं, जिथे विजेने हलणारा छोटा स्फटिक शाई ढकलतो, उष्णता लागत नाही. म्हणून या धंद्यात बहुतेकांकडे एप्सन दिसतो. चार रंगांचा एल-१३० पुष्कळांनी वापरला; चेहऱ्यांचे फोटो जास्त असतील तर सहा रंगांचा एल-८०५ किंवा त्यानंतर आलेला एल-८०५० बरा, त्वचेचा रंग मऊ येतो. मात्र साध्या प्रिंटरमध्ये सब्लिमेशनची शाई भरली की वॉरंटीवर पाणी सोडायचं. सब्लिमेशनसाठीच बनवलेले छोटे प्रिंटरही आता येतात, ते महाग पडतात.

ए-३ घेऊ का, हे मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. हिशोब करा. नेहमीच्या ११ औंसाच्या, म्हणजे सव्वातीनशे मिलिलिटरच्या मगवर छपाईची जागा साधारण २०० बाय ९० मिलिमीटर. ए-४ कागद २१० बाय २९७. एकाखाली एक तीन डिझाइन बसतात, कागद जवळजवळ वाया जात नाही. ए-३ वर सहा बसतात, म्हणजे फायदा काहीच नाही. उरलेले पैसे दुसऱ्या प्रेसला लावा.

दुसरी प्रेस का? माझ्याकडे लग्नाची पहिली मोठी ऑर्डर आली, दोनशे मगांची, दोन दिवसांत. मी हो म्हणालो. एका मगला तीन मिनिटं दाब, मग काढणं, दुसरा लावणं, तापमान पुन्हा चढणं, धरा पाच मिनिटं. तासाला बारा. दोनशेला जवळजवळ सतरा तास. हे गणित मी ऑर्डर घेतल्यावर केलं. तोवर मी मगची वेगळी प्रेस घेतली होती, पण एकच.

त्या रात्री मी एकटा बसलो. आदल्या दिवशी बिलं छापताना प्रिंटरच्या सेटिंगमधला 'मिरर' बंद केला होता, तो चालू करायचा राहिला. मगसाठी कागदावर चित्र उलटं छापावं लागतं, तेव्हा मगवर ते सरळ येतं. मराठी मजकूर असता तर कागद हातात घेताच कळलं असतं. पण मी चेन्नईत वाढलो, तमिळ फाडफाड बोलतो, आणि वाचायला मात्र कधी नीट शिकलो नव्हतो. पोपट समोरासमोर, ते उलटेही सारखेच. चौसष्ट मग झाले आणि पहाटे चहा घेऊन आलेला पोरगा हसायलाच लागला.

एक मग मला तेव्हा पासष्ट रुपयांना पडत होता. चार हजारांच्या वर पाण्यात गेले, पण ते सोसलं असतं. अण्णा उठून आले, मग हातात घेतला, काही बोलले नाहीत; माझ्या बायकोच्या मोकळ्या हातांकडे बघितलं. ते मला सोसलं नाही.

मात्र बोलले ते वेगळंच. "हा वर फिका आणि खाली काळपट का?" उलट्या नावांच्या गोंधळात माझं तिकडे लक्षच नव्हतं. म्हटलं, पडद्यावर तर १९० दाखवतंय. ते म्हणाले, सोनं १०६४ अंशांना वितळतं, तिथे मुशीचा रंग बघून मी ताव सांगतो. तुझ्या १९० ला काही चमकत नाही, तिथे डोळा आंधळा. मोजून बघ.

मी रिची स्ट्रीटवर गेलो, थर्मोकपल जोडता येणारा एक मल्टिमीटर आणला. पट्ट्याच्या वर, मध्ये आणि खाली टोक लावून मोजलं. पडद्यावर १९० आणि वरच्या कडेला बरंच कमी. पडदा सांगतो ते सेन्सरजवळचं तापमान, सगळ्या मगचं नव्हे. तेव्हापासून कुठलीही प्रेस घ्यायला गेलो की तो मल्टिमीटर बरोबर असतो. दुकानदार नाराज होतात, पण जो मोजू देत नाही त्याच्याकडून मी घेत नाही. सोबत एक कागदाची पट्टीही नेतो: मग अडकवून पट्टी कडेला सरकवायची, वर-खाली सारखी घट्ट ओढली जाते का बघायचं. दाब कमी तिथे रंग फिका. कानाजवळ पट्टा पोचतच नाही, तिथे डिझाइनच ठेवू नका.

चेन्नईकरांसाठी, आणि मुंबई-रत्नागिरीवाल्यांसाठीही, एक वेगळी गोष्ट. समुद्राची दमट हवा कागद पिऊन घेतो आणि प्रेसमध्ये त्या पाण्याची वाफ झाली की रंगात ठिपके पडतात. मी कागद घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो. प्रिंटरने रोज एक रंगीत पान काढायचं, काम असो-नसो. नाहीतर हेड सुकतं, आणि हेडची किंमत ऐकून माणूस बसतो.

एकाच रंगाचा लोगो, हजार मग, असं काम आलं तर मी घेत नाही. त्याला भट्टीत भाजायचा डेकल स्वस्त पडतो आणि टिकतोही जास्त. आपलं बळ एका नगात आहे: एका आजीचा फोटो, एका बाळाचं नाव. तशीही चेन्नई कॉफी पिते ती डबरा-टंबलरमधून. माझा मग जातो शोकेसमध्ये, म्हणून तक्रारी कमी.

त्या लग्नाची ऑर्डर मी उरलेल्या दिवसात पुरी केली. शेजारच्या छापखान्यातल्या एकाची प्रेस भाड्याने आणली, मग कमी पडले ते पॅरीज कॉर्नरला जाऊन रोखीने घेतले, आणि दर कागद त्या चहावाल्या पोराला दाखवूनच प्रेसमध्ये घातला. त्याला मगामागे एक रुपया दिला. नंतर महिनाभर त्यानेच मला तमिळ अक्षरं शिकवली, बिलाच्या मागच्या बाजूवर.

आता तीन प्रेस आहेत, तिन्ही साध्या, एकाच मापाच्या, एकच कॉइल तिघींना चालते. दोन कॉइल कपाटात. पाटल्या अजून झालेल्या नाहीत. मी पैसे जमवतो आणि सोनं पुढे पळतं. चौथी प्रेस घेऊ का, असं गेल्या महिन्यात बायकोला विचारलं. तिने मल्टिमीटर पिशवीत टाकला आणि म्हणाली, "चला, आधी मोजून येऊ. पाटल्यांचा भावही येताना विचारू."