अठरा सेकंदांच्या पुढची हकीकत

रोग आणि आजारपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोग रक्ताच्या तपासणीत किंवा एक्स-रेच्या फिल्मवर दिसतो. आजारपण घरात असते. रजा कोणी काढायची, म्हातारीला रात्री संडासला कोणी न्यायचे, धाकटीच्या लग्नाची बोलणी चालू असताना पाहुण्यांना काय सांगायचे, हे सगळे त्यात येते. हार्वर्ड विद्यापीठातील मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९८८ साली रुग्णकथनांवरील आपल्या पुस्तकात हा भेद ठळकपणे मांडला. रोगाचे वर्णन डॉक्टर करू शकतो. आजारपणाची हकीकत मात्र ते भोगणाऱ्यालाच, नाहीतर त्याच्या उशाशी बसणाऱ्यालाच सांगता येते.

ती सांगायला फारसा वाव मिळत नाही. अमेरिकेत १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टर-रुग्णांची ध्वनिमुद्रित संभाषणे तपासली गेली. रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरांनी त्याला मध्येच थांबवल्याचे आढळले. पहिली तक्रार तीच मुख्य, असे धरून प्रश्न सुरू होतात. माणूस मात्र सोप्याकडून अवघडाकडे जातो. आधी कंबर दुखते, मग झोप येत नाही, आणि निघता निघता, दाराशी पोचल्यावर, खरे दुखणे तोंडातून बाहेर पडते.

न सांगितलेल्या दुखण्याचा पसारा केवढा असतो, हे गडचिरोली जिल्ह्यात दिसले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम ८ टक्के. स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढीच त्या काळच्या सरकारी कार्यक्रमांची दृष्टी होती. बायका गप्प होत्या, म्हणून रोग नव्हता असे नाही. ‘अंगावरून पांढरं जातं’, ‘अंग बाहेर येतं’ हे शब्द बाई अनोळखी माणसासमोर उच्चारत नाही. ते ऐकायचे तर आधी तिच्याजवळ बसावे लागते, तिची भाषा शिकावी लागते. राणी बंग यांच्या ‘कानोसा’ या पुस्तकात हे ऐकणे आहे. नावही नेमके आहे, कारण कानोसा घेणारा न बोललेलेही टिपतो.

शिकलेल्या, लिहित्या वर्गाने आपले आजारपण स्वतःच सांगितले. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’, मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा अनुभव सांगणारे पद्मजा फाटक यांचे ‘हसरी किडनी’, आणि पायांतली शक्ती गमावून बसल्यानंतर कोल्हापुरात अपंगांसाठी संस्था उभारणाऱ्या नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ ही पुस्तके घरोघर वाचली गेली. समाजशास्त्रज्ञ आर्थर फ्रँक यांनी १९९५ साली अशा कथनांचे तीन प्रकार सांगितले. एकात माणूस बरा होऊन पूर्ववत होतो, दुसऱ्यात त्याला आजारातून काही गवसते, आणि तिसऱ्यात नुसता गोंधळ असतो, ज्याला ना क्रम ना शेवट. वाचकाला पहिले दोन आवडतात. तिसरा सहसा छापला जात नाही, आणि स्मृतिभ्रंश किंवा स्किझोफ्रेनिया असलेल्या घरात बहुधा तोच चाललेला असतो. जिद्दीच्या कथांचा फार मारा झाला की बरा न होणारा माणूस स्वतःलाच दोषी समजू लागतो.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात तर सांगणे हाच उपचाराचा भाग आहे. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी एका दारुड्याने दुसऱ्याला आपली कथा सांगितली, त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना उभी राहिली. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रातही उपचार घेणारे एकमेकांसमोर आपला अनुभव मांडतात. त्यांच्या बायकांनाही बोलायला जागा लागते, कारण नवऱ्याची दारू सुटली तरी बायकोची धास्ती लगेच सुटत नाही. ऐकणारा त्याच वाटेने गेलेला असला की उपदेशाची गरज उरत नाही.

सांगण्याला दुसरी बाजूही आहे. मदतीसाठी आलेल्या माणसाला प्रत्येक टेबलावर तीच कहाणी नव्याने सांगावी लागते, आणि दर खेपेला थोडी लाज गिळावी लागते. देणग्यांच्या पत्रकावर कोणाचा फोटो आणि कोणाचे दुःख छापायचे, याची परवानगी मागितली तरी आधाराची गरज असलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. म्हणून कथा ज्याची, तिच्यावर हक्कही त्याचाच, आणि न सांगण्याचा हक्कही त्यातच आला.

असे ऐकणे शिकवण्यासाठी अमेरिकेत डॉ. रीटा शेरन यांनी कोलंबिया विद्यापीठात कथनाधारित वैद्यक हा विषयच सुरू केला; तिथे वैद्यकाचे विद्यार्थी साहित्य बारकाईने वाचायला शिकतात. त्याहून साधी एक सूचना वैद्यकीय शिक्षणात फार जुनी आहे. केसपेपरवरची मुख्य तक्रार रुग्णाच्याच शब्दांत लिहावी, अशी ती सूचना. महाराष्ट्रातल्या दवाखान्यांत तो रकाना बहुतेक वेळा इंग्रजीत भरला जातो.