माळ्यावरची खार
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपला माण तालुका दुष्काळी. तरी 25 वर्षांत आपण वापरलेलं पाणी घालून कडुलिंब जगवले. त्यांच्या फांद्या पत्र्यावर टेकल्या अन् खारूताई थेट आमच्या माळ्यावर!

काथ्या, चिंध्या, जुन्या गादीचा कापूस गोळा करून तिनं घरटं केलं. पुढं लाइटची वायर कुरतडली, तेव्हा मात्र मी घाबरलो. भोक बुजवायला सिमेंट कालवलं. आई म्हणाली, "आरं, आधी आत बघ की!" बॅटरी मारली, तर डोळेही न उघडलेली तीन पिल्लं. थापी तशीच खाली ठेवली.

त्या लाइनचा फ्यूज काढला आणि दोन महिने थांबलो. पिल्लं झाडावर पळायला लागली. खार दिवसा बाहेर हिंडते, रात्री घरट्यात असते. म्हणून भर दुपारी, माळा रिकामा बघून, भोकाला तारेची जाळी ठोकली. वायर बदलली, पत्र्यावरच्या फांद्या छाटल्या. विष नाही, धूर नाही.

आता ती कडुलिंबावर असते. तुमच्या माळ्यावर खुडबुड झाली, तर भोक बुजवण्याआधी आत बघा, एवढंच सांगतो.