अतिथीची जोखीम आणि यजमानाचे कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात कोल्हापूर येथे केलेले भाषण)



संमेलनाच्या व्यासपीठावरून विम्यासारखा विषय काढणे काहींना रुक्ष वाटेल. परंतु आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबांचा चरितार्थ आज अंशतः वा पूर्णतः पाहुण्यांच्या वास्तव्यावर चालतो. कोणी महाद्वार रोडच्या आसपास आपल्या वाड्यातील दोन खोल्या अंबाबाईच्या भक्तांस देतो, कोणी पन्हाळ्यावर लहानशी बंगली बांधून ती सुट्टीच्या दिवसांत भाड्याने देतो, कोणी राधानगरी-दाजीपूरच्या वाटेवरील शेतघर पर्यटकांस खुले करतो. युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसा म्हणून नोंद केली, त्यांत पन्हाळाही आहे. तेव्हा हा व्यवसाय वाढेल, हे सांगावयास ज्योतिषी नको. या यजमानांमध्ये एक प्रश्न वारंवार निघतो. पाहुण्यास प्रवासविमा काढण्याची शिफारस आपण करावी की करू नये? त्या प्रश्नाचे उत्तर आमच्या मतीप्रमाणे आज द्यावयाचे आहे.

या बाबतीत दोन पक्ष आमच्या कानी आले. एक म्हणतो, देवदर्शनास वा हवापालटास निघालेल्या माणसापुढे अपघाताची आणि आजाराची भाषा काढणे अशुभ होय. दुसरा म्हणतो, विमा सक्तीचाच करून टाकावा, म्हणजे आगाऊ रक्कम परत करण्याची कटकट यजमानाच्या मागे राहणार नाही. आमच्या मते पहिला पक्ष भिडेमुळे चुकतो आणि दुसरा लोभामुळे.

परक्या माणसास आपल्या गावी आसरा देणे ही कोल्हापूरची जुनी विद्या आहे. राजर्षी शाहू छत्रपतींच्या प्रेरणेने येथे १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले, आणि निरनिराळ्या ज्ञातींनी आपापली वसतिगृहे उभारल्यामुळे हे शहर वसतिगृहांची जननी म्हणून नावाजले गेले. खेड्यातून आलेल्या मुलाला छप्पर तर मिळेच, पण त्याच्या आजारपणाची, फीची आणि अडचणीची काळजीही तेथे वाहिली जाई. भाडे घेऊन खोली देणे निराळे, हे आम्ही जाणतो. तथापि ज्याच्या उंबऱ्याच्या आत माणूस झोपतो, त्याचे कर्तव्य किल्ली हाती देऊन संपत नाही, हा त्या परंपरेचा धडा भाड्याच्या खोलीसही लागू आहे.

हा धडा आम्ही स्वतः विसरलो होतो, त्याची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांची मर्यादा ओलांडली. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला. आमच्या घरच्या वरच्या मजल्यावरील खोल्या त्या आठवड्यासाठी विदर्भातील एका वृद्ध दांपत्याने पूर्ण रक्कम आगाऊ भरून राखून ठेवल्या होत्या. त्यांचा फोन आला. येणे अशक्य होते. आम्ही पावतीवरील ओळ त्यांस वाचून दाखविली, “आगाऊ रक्कम परत मिळणार नाही.” ते बरे म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. त्याच आठवड्यात, घरात पाणी शिरलेल्या लोकांस आम्ही छावणीत जेवण वाढीत होतो! एका हाताने पूरग्रस्तास वाढावयाचे आणि दुसऱ्या हाताने पुरामुळेच अडलेल्या माणसाचे पैसे ठेवून घ्यावयाचे, ही विसंगती त्या वेळी आमच्या ध्यानी आली नाही. पुढे त्यांचे एक कार्ड आले. “देवीचे दर्शन राहिले आहे, पुढल्या वर्षी अवश्य येऊ. उतरण्याची सोय मात्र अन्यत्र केली आहे.” त्यात रागाचा एक शब्द नव्हता, म्हणूनच ते कार्ड आम्हांस अद्याप बोचते.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, महामार्ग पुन्हा बंद झाला, पन्हाळ्याच्या मुख्य रस्त्याचा भाग खचला. तत्पूर्वी मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने सारे व्यवहार थांबविले होते. दोन वर्षांत तीन वेळा जे घडले, त्यास क्वचित घडणारी गोष्ट म्हणता येत नाही. तेव्हा त्या वृद्ध दांपत्यास आम्ही दोन गोष्टी देणे लागत होतो: एक न्याय्य नियम आणि एक वेळेवर दिलेली सूचना. विम्याची शिफारस ही त्यांतील दुसरी गोष्ट होय.

जोखीम वाटून घेण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. जुन्या व्यापाऱ्यांत जोखमी हुंडी चाले. माल गलबतातून सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे द्यावयाचे, माल बुडाला तर द्यावयाचे नाहीत, अशी तिची शर्त असे; म्हणजे हुंडीच्या पोटात विमाच होता. आपल्या शेजारच्या साताऱ्यात १९१३ साली चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया ही आयुर्विमा कंपनी काढली, आणि १९५६ साली आयुर्विमा महामंडळ स्थापन झाल्यावर विम्याचा कागद मध्यमवर्गीयांच्या कपाटात स्थिरावला. त्या कागदात मृत्यूचा उल्लेख असतो म्हणून कोणी तो अशुभ मानीत नाही. परदेशी मुलांना भेटावयास युरोपात जाणारे आपले आईबाप शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोच्या वैद्यकीय संरक्षणाचा विमा निमूटपणे काढतात. युरोपास जाताना जो अपशकुन होत नाही, तो ज्योतिबाच्या डोंगरावर येतानाच कसा होतो?

आता हा विमा करतो काय, ते थोडक्यात पाहू. देशांतर्गत प्रवासविम्यात सामान्यतः अपघात, प्रवासातील तातडीचा औषधोपचार आणि सामानाची हानी यांचा समावेश असतो. काही पॉलिसींत स्वतःच्या वा जवळच्या आप्ताच्या गंभीर आजारामुळे अथवा नैसर्गिक आपत्तीमुळे प्रवास रद्द झाल्यास बुडालेली रक्कमही मिळते. सर्वच पॉलिसींत ती मिळते असे नाही. म्हणून अटी वाचणे अगत्याचे आहे. पूर्वीपासूनचा आजार, मद्यपानाच्या अमलात झालेला अपघात, साहसी खेळ यांना पुष्कळदा वगळलेले असते. मन बदलले म्हणून सहल रद्द केली, तर सामान्य पॉलिसी काही देत नाही. आणि जे संकट डोळ्यांपुढे येऊन उभे राहिले, त्याचा विमा उतरविता येत नाही. पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडल्यावर पुरासाठी पॉलिसी शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. म्हणून विम्याची सूचना द्यावयाची ती खोली राखून ठेवतानाच.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. रेल्वेचे ई-तिकीट काढताना एक रुपयाहूनही कमी हप्त्यात विमा घेण्याची सोय आहे. अपघाती मृत्यू झाल्यास त्यात दहा लाख रुपयांचे संरक्षण आहे. ही उत्तम सोय पुष्कळजण घेत नाहीत, आणि घेणारे वारसाचे नाव भरावयास विसरतात. परंतु तो विमा रेल्वे-अपघाताचा आहे. खोलीच्या बुडालेल्या भाड्याशी वा पन्हाळ्यावर घसरून मोडलेल्या पायाशी त्याचा संबंध नाही. “आमचा विमा आहे” असे म्हणणाऱ्या पाहुण्यास हा भेद कोणी सांगितलेला नसतो.

तेव्हा शिफारस करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र तिला तीन मर्यादा असाव्यात.

पहिली, सांगावे, पण विकू नये. अमुकच कंपनीची पॉलिसी घ्या असे सांगून त्यावर दलाली घेणे हा परवानाधारक प्रतिनिधीचा वा नियमानुसार नेमलेल्या मध्यस्थाचा अधिकार आहे, यजमानाचा नव्हे. ज्या सल्ल्यात सल्लागाराचा छुपा हिस्सा असतो, तो सल्ला राहत नाही.

दुसरी, सक्ती करू नये. एका रात्रीसाठी शेजारच्या जिल्ह्यातून येणाऱ्या शेतकऱ्यास कदाचित या विम्याची गरज नसेल. चार महिने आधी पैसे भरून दूरवरून येणाऱ्या वृद्धांस ती निश्चित आहे. निवड त्यांची असावी, माहिती मात्र आपण द्यावी.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. विमा ही यजमानाची ढाल नव्हे. जिन्याचा कठडा मोडका असेल, गीझरच्या वायूला बाहेर जावयास वाट नसेल, विजेची तार उघडी असेल, तर पाहुण्याच्या खिशातील पॉलिसीने आपला दोष पुसला जात नाही. जो यजमान पाहुण्यास विम्याचा उपदेश करतो, त्याने आधी आपल्या घराचा आगीचा विमा आणि पाहुण्यांना होणाऱ्या इजेच्या दायित्वाचा विमा उतरविला आहे काय, हे स्वतःस विचारावे. तसेच रस्ता बंद झाल्यामुळे पाहुणा येऊच शकला नाही, तर त्याची रक्कम परत करावी, निदान पुढील तारखेस वळती करावी. एखाद्या विधवा भगिनीचे घर त्याच दोन खोल्यांवर चालत असेल, तर सारी रक्कम परत करणे तिला जड जाईल, हे आम्ही नाकारीत नाही. म्हणूनच विम्याची सूचना दोघांच्याही हिताची आहे. तिच्यामुळे कोणा एका गरिबावर सारा भार पडत नाही.

मंडळास आमची सूचना एवढीच की, ज्ञातीतील यजमानांच्या पावतीवर पुढील मजकूर छापावा: “आपला प्रवास सुखाचा होवो. आजार, अपघात वा आपत्तीमुळे बेत मोडू शकतो. इच्छा असल्यास आजच प्रवासविमा काढावा व त्याच्या अटी वाचून घ्याव्यात. त्यात आमचा कोणताही आर्थिक संबंध नाही. रस्ते बंद झाल्यास आपली रक्कम परत मिळेल अथवा पुढील तारखेस वळती केली जाईल.” त्याखाली जवळच्या रुग्णालयाचा आणि यजमानाचा दूरध्वनी क्रमांक द्यावा.

त्या दांपत्याची रक्कम आम्ही पुढे पाठविली. ती त्यांनी स्वीकारली. आमच्याकडे मात्र ते आजवर उतरलेले नाहीत. पैसे परत करता येतात, गेलेला विश्वास मनिऑर्डरीने पाठविता येत नाही. आपल्या ज्ञातीतील कोणाही यजमानावर असे कार्ड वाचण्याचा प्रसंग न येवो, अशी जगदंबेचरणी प्रार्थना आहे.