परकीय चलन : परवानगीकडून जबाबदारीकडे



परदेशप्रवास ही एके काळी मूठभरांची मिरास होती. आज ती तशी राहिलेली नाही. उच्च शिक्षणासाठी जर्मनीला निघालेला लातूरचा विद्यार्थी, दुबईत नोकरीस असलेल्या मुलाकडे जाणारे रत्नागिरीचे वृद्ध दांपत्य, हजयात्रेला निघालेले मालेगावचे कुटुंब, द्राक्षांची बाजारपेठ पाहण्यासाठी युरोपात जाणारा नाशिकचा बागायतदार, अशी नाना थरांतील माणसे आज विमानतळावर दिसतात. पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट यांची पूर्तता ही मंडळी कसोशीने करतात. पैशाचा विचार मात्र बहुधा शेवटच्या दोन दिवसांवर ढकलला जातो, आणि नेमके तेथेच कष्टाने साठविलेल्या रकमेला गळती लागते.

पूर्वी प्रवाशापुढे प्रश्न असे तो परकीय चलन मिळेल की नाही, हा. आज ते मिळते. प्रश्न उरला आहे तो ते कोठून घ्यावे, कोणत्या स्वरूपात न्यावे आणि उरले तर त्याचे काय करावे, हा. पूर्वी हा निर्णय सरकारी खिडकीपलीकडे होत असे. आता तो प्रवाशालाच करावा लागतो. म्हणूनच त्याची माहिती प्रवाशाला असणे अगत्याचे झाले आहे.

आठ डॉलरांचा काळ

भारतात परकीय चलनावर नियंत्रण आले ते दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी, सप्टेंबर १९३९ मध्ये. युद्ध संपले तरी नियंत्रण राहिले. १९४७ साली त्याला कायद्याचे स्वरूप मिळाले आणि १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने, म्हणजेच 'फेरा'ने, ते अधिक कडक झाले. त्या काळी परदेशाचे तिकीट काढण्यापूर्वी रिझर्व्ह बँकेच्या 'पी फॉर्म'ची मंजुरी लागे. सामान्य प्रवाशाच्या हाती अवघे ८ डॉलर पडत असत. परक्या शहरात उतरल्यावर पहिल्या रात्रीची सोय नातलगाच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या भरवशावरच करावी लागे.

हे निर्बंध निष्कारण नव्हते. देशाला धान्य, खते, खनिज तेल आणि यंत्रसामग्री बाहेरून आणावी लागत होती, आणि त्यांची किंमत रुपयांत चुकती करता येत नव्हती. ही टंचाई किती तीव्र होऊ शकते याचा प्रत्यय १९९१ साली आला. त्या वर्षी परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोनएक आठवड्यांच्या आयातीला पुरेल इतकी खालावली. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने तारण म्हणून परदेशी धाडावे लागले. घरातील दागिना गहाण टाकण्याची वेळ ज्याने पाहिली आहे, त्याला या घटनेचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

त्यानंतर धोरण पालटले. १९४४ साली ब्रेटन वुड्स येथील ज्या परिषदेत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची कल्पना आकारास आली, त्या परिषदेच्या भारतीय शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. त्या नाणेनिधीच्या कराराचे आठवे कलम भारताने ऑगस्ट १९९४ मध्ये स्वीकारले. व्यापार, प्रवास, शिक्षण यांसारख्या चालू व्यवहारांसाठी परकीय चलन मोकळे करण्याची ती ग्वाही होती. पुढे १ जून २००० पासून 'फेरा'ची जागा परकीय चलन व्यवस्थापन कायद्याने, म्हणजे 'फेमा'ने घेतली. 'नियमन' जाऊन 'व्यवस्थापन' आले, हा बदल केवळ शब्दाचा नव्हता. जुन्या कायद्यातील उल्लंघन हा फौजदारी गुन्हा होता. नव्या कायद्यात मुख्यतः दंडाची तरतूद आहे.

आजची मर्यादा

रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २००४ मध्ये उदारीकृत प्रेषण योजना सुरू केली. बँकांच्या बोलीत तिला 'एलआरएस' म्हणतात. प्रारंभी तिची मर्यादा वर्षाला २५,००० डॉलर होती. २०१५ पासून ती एका आर्थिक वर्षात दरडोई २,५०,००० डॉलर आहे. प्रवास, शिक्षण, औषधोपचार, नातलगांना मदत हे सारे तीत येते. परदेशी विद्यापीठाने किंवा रुग्णालयाने दिलेल्या अंदाजपत्रकाच्या आधारे शिक्षण आणि उपचार यांसाठी या मर्यादेपलीकडेही रक्कम मिळू शकते. व्यवहारासाठी पॅन आवश्यक असतो. लॉटरीची तिकिटे किंवा परदेशातील चलनसट्टा यांसाठी मात्र या योजनेत पैसे पाठविता येत नाहीत.

रोख नोटांना वेगळी मर्यादा आहे. बहुतेक देशांच्या प्रवासासाठी एका फेरीला ३,००० डॉलरपर्यंतच्याच परकीय नोटा मिळतात. बाकीची रक्कम कार्डावर किंवा बँकेमार्फत न्यावी लागते. हजयात्रेकरूंसाठी आणि काही मोजक्या देशांसाठी ही मर्यादा शिथिल आहे. नेपाळ आणि भूतान येथील प्रवासासाठी परकीय चलन दिले जात नाही. तेथे भारतीय रुपया चालतो, पण कोणत्या मूल्याच्या नोटा नेता येतात याचे नियम वेगळे असल्याने ते निघण्यापूर्वी विचारून घ्यावेत. अन्य देशांना जाताना २५,००० रुपयांपर्यंत भारतीय चलन जवळ ठेवण्यास हरकत नाही. परतल्यावर घरी पोहोचण्याच्या भाड्यासाठी त्यातील थोडे राखून ठेवणे सोयीचे पडते.

दोन दरांतील अंतर

परकीय चलन विकत घेताना फलकावर दोन दर दिसतात. एक विक्रीचा, दुसरा खरेदीचा. हे दर दुकानदाराच्या बाजूने लिहिलेले असतात, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. तो ज्या दराने विकतो, तो प्रवाशाने मोजावयाचा दर. तो ज्या दराने खरेदी करतो, तो प्रवाशाला परत मिळणारा दर. वृत्तपत्रात छापला जाणारा दर या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असतो आणि तो सहसा कोणाच्याच वाट्याला येत नाही.

हिशेबासाठी समजा, एका प्रवाशाने ९२ रुपये दराने ३,००० डॉलर घेतले. त्यांपैकी २,००० खर्च झाले. उरलेले १,००० परत करताना दर मिळाला ८७ रुपये. बाजारभाव जागचा हलला नाही, तरी त्याचे ५,००० रुपये गेले. गरजेपेक्षा अधिक चलन घेणे ही सावधगिरी वाटते, पण तिलाही किंमत पडते.

दर सर्वत्र सारखा नसतो. विमानतळावरील खिडकी सोयीची खरी, पण तेथील दर सामान्यतः महाग असतो. प्रवासाच्या आठ-दहा दिवस आधी दोन-तीन ठिकाणी चौकशी करावी आणि 'अमुक इतक्या डॉलरसाठी सर्व आकार धरून एकूण किती रुपये द्यावे लागतील?' असा एकच प्रश्न सगळीकडे विचारावा. तुलना दराची नव्हे, तर या एकूण रकमेची करावी. कारण चलनबदलावर वस्तू व सेवा कर असतो. एक लाख रुपयांच्या व्यवहारावर तो १८० रुपये होतो. काही ठिकाणी सेवा आकारही वेगळा लावतात. दर आकर्षक दाखवून आकार वाढविला, तर बचत कागदावरच राहते.

आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. ज्या देशाचे चलन येथे सहज मिळत नाही, तेथे जाताना डॉलर किंवा युरो नेऊन ते त्या देशात बदलून घेतात. अशा वेळी दोनदा बदल होतो आणि दोनदा तूट सोसावी लागते. म्हणून जेथे थेट स्थानिक चलन वाजवी दराने मिळते, तेथे तेच घ्यावे.

नोट, कार्ड आणि यंत्र

एके काळी प्रवासी धनादेश हा परदेशप्रवाशाचा मोठा आधार होता. आज त्याची जागा कार्डाने घेतली आहे. फॉरेक्स कार्डावर भारतातच परकीय चलन भरून ठेवता येते, त्यामुळे दर त्या दिवशीच निश्चित होतो आणि पुढील चढउताराची धास्ती राहत नाही. मात्र कार्डावर डॉलर असताना युरोत खर्च केला, तर पुन्हा बदलाचा आकार पडतो. ज्या देशात जावयाचे, त्याच देशाचे चलन भरणे हा त्यावरील साधा उपाय होय.

क्रेडिट कार्ड परदेशात सर्रास चालते, परंतु बँका विदेशी व्यवहारावर साधारणतः दोन ते साडेतीन टक्के अधिभार लावतात. त्या कार्डावर रोख रक्कम काढणे तर फारच महाग, कारण व्याज त्याच दिवसापासून सुरू होते. शिवाय भारतात दिलेले नवे कार्ड मुळात देशांतर्गत वापरापुरतेच सुरू असते. परदेशातील वापराची सुविधा बँकेकडून किंवा मोबाइलवरून मुद्दाम सुरू करावी लागते. हे न केल्यामुळे परक्या विमानतळावर खोळंबून राहण्याचा प्रसंग ओढवू शकतो.

परदेशातील दुकानात किंवा एटीएमवर यंत्र कधी कधी विचारते, 'रक्कम रुपयांत हवी की स्थानिक चलनात?' रुपया पाहून मन तिकडे ओढ घेते. उत्तर मात्र नेहमी 'स्थानिक चलनात' असेच द्यावे. रुपयांत रक्कम मागितली की दर ठरविण्याचा अधिकार त्या परक्या यंत्रचालकाकडे जातो, आणि तो दर बहुधा प्रवाशाच्या तोट्याचाच असतो.

सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, मॉरिशस, श्रीलंका, नेपाळ, भूतान अशा काही देशांत भारतीय 'यूपीआय'चाही प्रवेश झाला आहे. ही स्वागतार्ह गोष्ट असली तरी सर्व खर्च त्यावर भागेल असे गृहीत धरू नये. थोडी रोकड, एक मुख्य कार्ड आणि वेगळ्या पिशवीत ठेवलेले दुसरे कार्ड, अशी त्रिविध व्यवस्था सर्वांत निर्धोक होय.

शिक्षणासाठी जाणाऱ्यांना

विद्यार्थ्यांची बाब अधिक नाजूक असते, कारण तेथे एका कुटुंबाची जमापुंजी किंवा कर्जाऊ रक्कम पणाला लागलेली असते. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालणाऱ्या राज्य शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीमुळे अनुसूचित जातींतील गुणी मुलामुलींनाही जगातील नामांकित विद्यापीठांची दारे उघडली आहेत. अशा घरांतून परदेशी पैसे पाठविण्याचा व्यवहार प्रथमच होत असतो. विद्यापीठाचे शुल्क बँकेमार्फत थेट विद्यापीठाच्या खात्यावर पाठवावे; ते कोणा मध्यस्थाच्या हाती देऊ नये. विद्यार्थ्याजवळ पहिल्या काही आठवड्यांच्या खर्चापुरतीच रक्कम असावी.

१ ऑक्टोबर २०२० पासून परदेशी पाठविण्याच्या रकमेवर ठरावीक मर्यादेपलीकडे बँक कर गोळा करते. त्याला 'टीसीएस' म्हणतात. याचे दर आणि मर्यादा अर्थसंकल्पागणिक बदलत आल्या आहेत, म्हणून त्या वेळचा दर बँकेत विचारून घ्यावा. विहित वित्तसंस्थेकडून शैक्षणिक कर्ज काढून पाठविलेल्या रकमेवर १ एप्रिल २०२५ पासून ही वसुली होत नाही. आणि जी रक्कम गोळा होते ती बुडत नाही. प्राप्तिकराचे विवरणपत्र भरल्यावर ती करात वळती होते किंवा परत मिळते. विवरणपत्र न भरणाऱ्याला मात्र आपल्याच पैशावर पाणी सोडावे लागते.

अनधिकृत वाट टाळावी

परकीय चलन केवळ रिझर्व्ह बँकेने अधिकार दिलेल्या बँकेकडून किंवा परवानाधारक चलन-विक्रेत्याकडूनच घ्यावे. परवाना आणि त्या दिवसाचे दर त्याने दर्शनी भागात लावलेले असावे लागतात. ५०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचा व्यवहार रोखीने करता येत नाही. पावती जपून ठेवावी. 'पावती नको असेल तर दोन रुपये कमी' असे सांगणाऱ्याकडून मिळालेली नोट खोटी निघाली, तर दाद मागण्यास जागा राहत नाही. उलट, 'फेमा'च्या उल्लंघनाबद्दल गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

परदेशाच्या सीमेवरही प्रामाणिक घोषणा करावी. अमेरिकेत १०,००० डॉलरहून अधिक, तर युरोपीय संघाच्या देशांत १०,००० युरो किंवा त्याहून अधिक रोकड असल्यास ती जाहीर करावी लागते. रोकड नेणे हा तेथे गुन्हा नव्हे. ती दडविणे हा गुन्हा होय. भारतात परतताना ५,००० डॉलरहून अधिक नोटा, अथवा प्रवासी धनादेशांसह १०,००० डॉलरहून अधिक परकीय चलन जवळ असेल, तर सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढे तसे घोषणापत्र द्यावे लागते.

परतल्यावर उरलेले चलन १८० दिवसांच्या आत परत करावे. पुढील प्रवासासाठी २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात, किंवा बँकेत निवासी परकीय चलन खाते उघडून रक्कम त्यात ठेवता येते. नाण्यांना मर्यादा नाही, पण ती येथे सहसा कोणी बदलून देत नाही. निघतानाच्या विमानतळावर ती खर्चून टाकलेली बरी.

हे चलन येते कोठून?

२०२४ साली देशाची परकीय चलनाची गंगाजळी ७०० अब्ज डॉलरच्या पलीकडे गेली. १९९१ च्या तुलनेत हा पालट मोठा आहे. तो आपोआप झालेला नाही. आखातात उन्हातान्हात राबून घरी पैसे धाडणारा कोकणचा कामगार, निर्यातीची द्राक्षे पिकविणारा नाशिकचा शेतकरी, पुण्यातील संगणक अभियंता आणि भिवंडी-इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार यांच्या श्रमाचा त्यात वाटा आहे. परदेशी जाणाऱ्याच्या हाती पडणारा प्रत्येक डॉलर कोणाच्या तरी कष्टातून देशात आलेला असतो.

शासनाने परवानगीचा दरवाजा उघडला, तो नागरिक विवेकाने वागेल या विश्वासावर. अधिकृत ठिकाणी व्यवहार करणे, गरजेपुरतेच चलन घेणे, पावती राखणे आणि उरलेले परत करणे, या चार गोष्टींत तो विश्वास सार्थ होतो. त्यांत देशाचे हित आहे, आणि प्रवाशाच्या खिशाचेही.