सरावाची संध्याकाळ



फुकट काम करणाऱ्या माणसाकडून किती अपेक्षा ठेवावी? आपल्या मंडळांत आणि समित्यांत याचं उत्तर ठरलेलं असतं. जमेल तेवढं करा, तुम्ही आलात हेच खूप झालं. उत्सवाच्या मंडपात हे चालून जातं. समुद्रात बुडणाऱ्याला काढायला जाणाऱ्यांच्या बाबतीत ते चालत नाही. ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर हे नीट ओळखून एक मोठी व्यवस्था उभी राहिली आहे. आज मी तिच्याविषयी बोलणार आहे, कारण पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत किनारा लाभलेल्या आपल्या राज्यानं तिच्याकडून घ्यावं असं पुष्कळ आहे.

या व्यवस्थेचं नाव ‘रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन’. आइल ऑफ मॅन बेटावर राहणारे सर विल्यम हिलरी यांनी डोळ्यांसमोर फुटणारी जहाजं पाहिली, स्वतः होडीतून बचावाला गेले, आणि त्यांच्या आग्रहातून ४ मार्च १८२४ रोजी लंडनमध्ये ही संस्था स्थापन झाली. आज तिची २३०हून अधिक केंद्रं आहेत. ती मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालतात आणि नौकेवर जाणारी बहुतेक माणसं पगार घेत नाहीत. कुणी सुतार असतो, कुणी शिक्षिका, कुणी दुकान चालवतो. कमरेचा पेजर वाजला की हातातलं काम टाकून केंद्राकडे धावायचं आणि काही मिनिटांत नौका पाण्यात उतरवायची.

पूर्वी या नौकांवर गावातले मच्छीमारच असायचे. वारा, भरती-ओहोटी, खडक हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. पुढे मासेमारी आटली, गावं बदलली. आज संस्थेत नव्यानं येणाऱ्या दहा स्वयंसेवकांपैकी एखादाच दर्यावर्दी व्यवसायातला असतो. म्हणजे नऊ जणांना समुद्र पहिल्यापासून शिकवायचा आहे, आणि तेही त्यांची नोकरी, घर, लेकरंबाळं सांभाळून. वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत, वैद्यकीय तपासणी आणि डोळ्यांची तपासणी पार पडली पाहिजे, केंद्राजवळ राहायला किंवा कामाला असलं पाहिजे. एवढं झालं की माणूस उमेदवार ठरतो. पुढे प्रत्येक कौशल्य कुणीतरी समोर उभं राहून पाहतं आणि नोंदवतं. दोराची गाठ, नांगर टाकणं, नकाशा वाचणं, पाण्यातल्या माणसाला होडीत घेणं, असं एकेक. अमक्यानं सांगितलं म्हणून खूण होत नाही, करून दाखवावं लागतं.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यात पूल नावाचं शहर आहे. तिथं २००४ साली संस्थेनं स्वतःचं महाविद्यालय उघडलं. उमेदवार तिथं आठवडाभर राहायला जातात. एका बंदिस्त तलावात यंत्रानं लाटा उठवतात, दिवे मालवतात, वर वारा आणि पाऊस सोडतात, विजांचा लखलखाट आणि गडगडाटही करतात. अंगावर पूर्ण पोशाख, डोक्यावर हेल्मेट आणि छातीवर जीवरक्षक जाकीट अशा थाटात चार मीटर उंचीवरून पाण्यात उडी मारायची. एकमेकांना धरून घोळक्यानं पोहायचं. उलटलेला तराफा सुलटा करून त्यात चढायचं. यातला सर्वांत अवघड भाग मला वाटतो तो रबरी होडी उलटण्याचा. होडी पालथी होते आणि माणसं तिच्याखाली जातात. तिथं थोडी हवा अडकलेली असते. काळोखात त्या हवेत डोकं वर काढायचं, एकमेकांना हाका मारायच्या, सगळे आहेत याची खात्री करायची, मग बाहेर यायचं आणि पालथ्या होडीवर चढून दोर ओढून तिला सुलटी करायची.

हे सगळं करवून घेण्यामागचं कारण साधं आहे. काळोखात, नाकातोंडात पाणी गेलेलं असताना डोकं नवं काही सुचवत नाही. हातांना जे वळण लागलेलं असतं तेवढंच ते करतात. ते वळण उबदार तलावात, बाजूला प्रशिक्षक उभा असताना लागलं पाहिजे. आणि एक गोष्ट इथं प्रत्येक उमेदवाराला पटवली जाते. आधी स्वतः जिवंत राहायचं. बचावाला गेलेला माणूस बुडाला तर शोधायची माणसं वाढतात आणि शोधणारी कमी होतात.

तिकडच्या समुद्राचं वर्षाचं सरासरी तापमान १२ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. एवढ्या गार पाण्यात माणूस अचानक पडला की तो हुंदका दिल्यासारखा श्वास आत ओढतो, श्वास त्याच्या ताब्यात राहत नाही, हृदयाचे ठोके वाढतात. त्याच क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पुढचं सांगायला नको. पोर्ट्समथ विद्यापीठातले प्राध्यापक माइक टिप्टन यांनी यावर आयुष्यभर संशोधन केलं आहे. त्यांचा निष्कर्ष असा की हा झटका पहिल्या दोन-तीन मिनिटांत ओसरतो. म्हणून पडल्या पडल्या हातपाय मारू नका, डोकं मागे टाकून उताणे तरंगा, श्वास ताब्यात आला की मग ओरडा किंवा पोहा. आपलं पाणी गार नाही, पण घाबरून हातपाय झाडणारा माणूस आपल्याही किनाऱ्यावर असाच दमून बुडतो. त्यामुळे तरंगण्याचा हा सल्ला गुहागरच्या किंवा तारकर्लीच्या पाण्यात तितकाच लागू आहे.

मी तुमच्याशी रेडिओवरून बोलतो आहे, तेव्हा समुद्रावरच्या रेडिओबद्दलही थोडं सांगतो. जगभर जहाजं व्हीएचएफच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर कान ठेवून असतात. मदतीची हाक तिथं येते. नवशिक्याला त्या रेडिओवर बोलायला वेगळं शिकावं लागतं. बटण दाबण्याआधी काय बोलायचं ते ठरवायचं. बटण दाबल्यावर क्षणभर थांबायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. आकडे एकेक करून उच्चारायचे. समोरच्यानं सांगितलेलं लिहून घ्यायचं आणि त्याला परत वाचून दाखवायचं. ही औपचारिकता का, तर अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. एक आकडा चुकीचा ऐकला तर नौका त्या माणसापासून जवळजवळ दोन किलोमीटरवर जाऊन शोधत बसते.

शोधाचंही शास्त्र आहे. लाटांमध्ये पोहणाऱ्याचं डोकं म्हणजे वाहून चाललेला नारळ, शंभर मीटरवरूनही तो दिसेल याची खात्री नाही. शिवाय तो एका जागी राहत नाही, प्रवाहाबरोबर सरकतो. म्हणून जिथं तो शेवटचा दिसला तिथं नौका आधी एक तरंगती खूण टाकते. खूणही त्याच प्रवाहानं वाहत जाते. मग तिच्याभोवती ठरलेल्या अंतरानं आणि ठरलेल्या वळणांनी फिरायचं. एका पद्धतीत प्रत्येक वळण १२० अंशांचं असतं आणि वाट तिकोनी पाकळ्यांसारखी पुन्हा पुन्हा खुणेवरून जाते. दुसरीत चौकोन काढत काढत बाहेर जायचं, दर दोन बाजूंनंतर बाजूची लांबी वाढवायची. माणूस पाण्यात आहे की तराफ्यावर, यावरही गणित बदलतं, कारण तराफ्याला वारा जास्त ढकलतो. रात्री अधूनमधून इंजिनं बंद करून नुसतं ऐकायचं. हे कागदावर आखता येणं, डुलत्या नौकेत घड्याळ आणि होकायंत्र धरून प्रत्यक्ष करता येणं, आणि तासन्‌तास नजर न हलवता आपापली दिशा पाहत राहणं, या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या शिकाव्या लागतात.

माणूस सापडला की काम संपलं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो बराच वेळ पाण्यात राहिलेला असेल तर होडीत घेतानाच त्याचा जीव जाऊ शकतो. पाण्याचा दाब चहूबाजूंनी त्याचं रक्ताभिसरण सावरून धरत असतो. त्याला बगलेत धरून उभा वर खेचला की तो दाब एकदम सुटतो, रक्तदाब कोसळतो. म्हणून शक्य असेल तेव्हा त्याला आडवा उचलायचा आणि आडवाच ठेवायचा. पुढचे उपचार करायला नौकेवर डॉक्टर नसतो. संस्थेनं त्यासाठी हातात मावणारी, पाण्यात न भिजणारी कार्डं केली आहेत. रोगाचं नाव ओळखायचा आग्रह नाही. हा माणूस फार आजारी आहे की थोडा, एवढं आधी ठरवायचं आणि दिसतं त्यावर कार्डाच्या क्रमानं उपचार करायचे. मला ही रचना फार मोलाची वाटते. सुताराला डॉक्टर करण्याचा अट्टहास तिच्यात नाही, आणि तू सुतार आहेस म्हणून लांब उभा राहा असंही ती म्हणत नाही.

आता एका रात्रीबद्दल. १९ डिसेंबर १९८१. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर ‘युनियन स्टार’ नावाच्या मालवाहू जहाजाचं इंजिन बंद पडलं. चक्रीवादळाच्या ताकदीचा वारा होता. लाटांच्या उंचीमुळे हेलिकॉप्टरला कुणालाही उचलता येईना. माउझल गावातल्या पेन्ली केंद्राची ‘सॉलोमन ब्राउन’ ही लाकडी नौका आठ स्वयंसेवकांना घेऊन निघाली. ट्रेव्हेलियन रिचर्ड्स तिचे तांडेल, म्हणजे प्रमुख, होते. त्यांनी नौका जहाजाला भिडवून चार जणांना काढलं, तसं रेडिओवर कळवलं, आणि उरलेल्यांसाठी पुन्हा जहाजाकडे वळले. त्यानंतर रेडिओवरून काही आलं नाही. दोन्ही बाजूंची मिळून सोळा माणसं गेली.

निघण्याआधी त्या बोटघरात एक गोष्ट घडली होती. नौकेवर जाणाऱ्या एकाचा १७ वर्षांचा मुलगाही तयार होऊन आला होता. रिचर्ड्स यांनी वडिलांना घेतलं आणि मुलाला किनाऱ्यावर ठेवलं. अशा रात्री एका घरातून दोघं नकोत. तो मुलगा पुढे पेन्लीच्या नौकेचा तांडेल झाला. आणि दुर्घटनेनंतर एका दिवसात गावातून नव्या नौकेला पुरतील एवढी माणसं पुढे आली होती.

हे मी धैर्याची कथा म्हणून सांगत नाही, जरी ते धैर्य शब्दांत मावणारं नाही. मला दिसतो तो त्या घाईतला निर्णय. कुणाला न्यायचं, कुणाला मागे ठेवायचं, पुन्हा वळायचं की नाही, हे ठरवणं हाच तांडेलच्या शिक्षणाचा गाभा आहे आणि तो आठवड्याभरात शिकवता येत नाही. त्याला वर्षं लागतात. म्हणून प्रत्येक केंद्रावर आठवड्याला सरावाची संध्याकाळ असते. हाक असो वा नसो, त्या संध्याकाळी नौका पाण्यात उतरते. ट्रॅक्टरवर बसून तिला वाळूवरून ढकलणाराही त्या दिवशी सराव करतो. परतल्यावर नौका गोड्या पाण्यानं धुवायची, इंधन भरायचं, दोर जागच्या जागी लावायचे, मगच घरी जायचं.

आपल्याकडे काय आहे ते पाहू. समुद्रात शोध आणि बचावाची जबाबदारी भारतीय तटरक्षक दलाची आहे आणि मदतीसाठी १५५४ हा क्रमांक आहे. सागरी पोलिसांचा क्रमांक १०९३. हे दोन्ही आकडे कृपा करून लिहून ठेवा. गावोगावी सागर रक्षक दलाचे तरुण आहेत, पण त्यांचं काम मुख्यतः नजर ठेवण्याचं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना बारा दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. ते चांगलंच आहे, पण तेराव्या दिवसापासून पुढे काय, हा माझा प्रश्न आहे. आठवड्याची संध्याकाळ आपल्याकडे नाही.

आणि त्याचा परिणाम आपण पाहतो. सहलीला आलेला मुलगा ओढीत सापडतो, त्याच्यामागे दोन मित्र उड्या टाकतात आणि तिघेही जातात. बाहेर काढलेल्या माणसाचं पोट दाबतात, त्याला उलटं धरून फिरवतात. बुडालेल्याच्या शरीराला पाहिजे असतो तो श्वास. तोंडानं श्वास द्यायचा, मग छाती दाबायची, आणि मदत येईपर्यंत थांबायचं नाही. पोट दाबण्यात गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत. अशा वेळी किनाऱ्यावर सर्वांत आधी पोचतात ते आपले मच्छीमार. समुद्राचं जे ज्ञान तिकडच्या नव्या उमेदवाराला वर्षानुवर्षं शिकावं लागतं, ते यांच्याकडे आहे. उणीव आहे ती बचाव आणि उपचारांच्या शिक्षणाची.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात आणि माणसं गावात असतात. त्या दोन महिन्यांत आठवड्याला एक संध्याकाळ, शाळेच्या एखाद्या वर्गात किंवा सोसायटीच्या सभागृहात जमता येईल. श्वास देणं आणि छाती दाबणं एकमेकांसमोर करून पाहावं. रेडिओवरचा निरोप लिहून परत वाचावा. नकाशावर शोधाची वाट आखावी. अंगणात बादली ठेवून वीस पावलांवरून तिच्यात दोर फेकावा, दर वेळी नेम लागेपर्यंत. तालुक्याच्या रुग्णालयातली परिचारिका, बंदर खात्यातला निवृत्त माणूस, गावातला जुना तांडेल, असे तिघं शिकवायला मिळाले तरी सुरुवात होते. प्रत्येकाची वही असावी आणि येणारी गोष्ट कुणीतरी डोळ्यांनी पाहूनच तीत लिहावी. नारळी पौर्णिमेनंतर होड्या उतरल्या की पहिला सराव खाडीच्या शांत पाण्यात घ्यावा, आणि गावानं ठरवलेल्या त्या वाराला तो वर्षभर चालू ठेवावा.